कुणालाच माहीत नसलेला खुनी

माझ्या आईला इंग्रजी येत नाही, आणि स्वीडिश तर आमच्या घरात कुणालाच येत नाही. तरीही मागच्या हिवाळ्यात आम्ही तिघींनी, म्हणजे आईनं, मी आणि माझ्या मुलीनं, कॉव्हेंट्रीच्या आमच्या एवढ्याशा फ्रंट रूममध्ये बसून एक आख्खी स्वीडिश मालिका बघितली. पडद्यावरची माणसं स्वीडिशमध्ये बोलायची, खाली इंग्रजी सबटायटल्स पळायची, आणि ती वाचून मी आईला मराठीत सांगायचे. माझं एक वाक्य होईपर्यंत पुढची तीन निघून जायची. मग आई म्हणायची, थांबव, आणि मुलगी रिमोट दाबायची. एक एपिसोड आम्हाला सिनेमाएवढा पुरायचा.

ही मालिका लावली मुलीनं. ती इथेच जन्मलेली, कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, हाउसिंगमध्ये नोकरीला, आणि असले क्राइम ड्रामे तिला भारी आवडतात. घरात आई असताना खून, पोलीस, तपास असलं काही लावायचं नाही, हे कुणी न सांगता आम्ही सगळेच पाळत होतो. कारण माझ्या भावाचा खून झालेला आहे. पण एका संध्याकाळी मुलगी एकटीच बघत होती, बुद्धवंदना आटोपून आई खाली आली, पडद्यावरचा बर्फ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "ह्या पोराला कशापायी मारलं गं?" मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी टीव्ही बंद कर म्हणणार तेवढ्यात आई सोफ्यावर बसलीसुद्धा.

भाऊ मराठवाड्यातल्या आमच्या गावी मास्तर होता. आमच्या वस्तीतली काही घरं गायरानाची पड जमीन कसून पोट भरायची, आणि ती जमीन गावातल्या एका बड्या घराला हवी होती. भावानं वस्तीच्या बाजूनं अर्ज केले, तहसीलला खेटे घातले. बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, पिठाच्या गिरणीसमोर त्याला मोटारसायकलवरून खाली ओढलं आणि मारलं. गिरणीत रांग होती, थांब्यावर माणसं होती, चहाच्या टपरीवर माणसं होती. पोलिसांनी विचारलं तेव्हा एकजात सगळ्यांची पाठ होती. कुणी दळण निवडत होतं, कुणी एसटीची वाट बघत होतं, कुणाच्या डोळ्यावर ऊन आलं होतं. कागदावर 'अज्ञात इसम' आले, आणि पुढे आरोपी सापडत नाहीत म्हणून फाईलच बंद झाली. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. मी तेव्हा इथे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नुकतीच लागले होते. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

वडील गेल्यावर आईला मी इकडे आणलं. त्यानंतर तिकडच्या कार्यकर्त्यांनी आणि एका तरुण वकीलबाईंनी ते प्रकरण पुन्हा कोर्टात नेलं, आणि कोर्टानं तपास नव्यानं करा म्हणून सांगितलं. मी त्या दिवशी लॅबमध्ये सगळ्यांना केक वाटला, कशाचा ते सांगितलं नाही. पण वकीलबाई म्हणाल्या, नुसत्या हुकुमानं काही होत नाही, डोळ्यांनी बघितलेलं एक तरी माणूस उभं राहायला हवं. आणि असं एक माणूस होतं.

ती आईची मैत्रीण. दोघी एका गावच्या लेकी, लग्न होऊन आल्या त्याही एकाच वस्तीत. मी तिला मावशीच म्हणायचे. त्या दुपारी ती दळणाचा डबा घेऊन गिरणीच्या पायरीवर बसली होती, हात लांब केला तर भावाला लागला असता एवढ्या जवळ. हे वस्तीतलं शेंबडं पोरही सांगत होतं. तिनं मात्र पोलिसांना सांगितलं, मला उन्हानं घेरी आली होती, मी काही बघितलं नाही. त्यानंतर मी तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. माझं तोंड तसं फटकळच, पण तिचं नाव निघालं की माझं बोलणंच बंद व्हायचं, मी उठून दुसऱ्या खोलीत जायचे. मग आईनंही तिचं नाव काढणं सोडलं.

फिर्याद आईच्या नावावर होती. मावशीचं नाव कोर्टात द्यायचं, ती कबूल नसली तरी समन्स काढून तिला उभं करायचं, तर आईनं हो म्हणायला हवं होतं. मी एका पायावर तयार. आई नाही म्हणत होती. कारण विचारलं की एकच, राहू दे तिला. मी समजावलं, चिडले, जेवायला वाढताना भांडी आपटली. वकीलबाईंचे मेसेज यायचे, काय ठरलं ताई, आणि मी लिहायचे, बोलतेय आईशी. पोराच्या खुनापेक्षा मैत्रीण मोठी झाली का, असंही एकदा मी तिला विचारलं. ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली. इथे कॉव्हेंट्रीत तांदळात खडा औषधालाही सापडत नाही, तरी ती निवडते.

अशा दिवसांत ही मालिका चालू होती. गोष्ट साधी. उत्तरेकडचं बर्फातलं एक लहान गाव, लाकडाच्या वखारीमागे सापडलेलं तरुण बसड्रायव्हरचं प्रेत, वर्षानुवर्षं न लागलेला छडा, आणि निवृत्तीला आलेली एक पोलीस अधिकारी बाई. तिची कंबर दुखते आणि ती गाडीत बसून गार सँडविच खाते. तिच्याबद्दल आईला पहिल्यापासून माया. ह्या बाईला कुणी भाकरी का देत नाही, असं ती म्हणायची.

पहिल्या एपिसोडमध्ये एका दुकानदारानं त्या बाईला कॉफी दिली. आई म्हणाली, "ह्याला माहीत हाय." आम्ही हसलो. मग चर्चचा पाद्री आला. ह्यालाबी माहीत हाय. मग शाळेतली शिक्षिका, मग पेट्रोलपंपावरचा पोरगा, मग स्वतः मेलेल्याचा सख्खा काका. सगळ्यांना माहीत. मुलगी हसून हसून लोळली. "आजी, सगळेच कसे खुनी असतील?"

आई म्हणाली, खुनी कोण म्हणतंय, माहीत हाय म्हणते मी.

मुलीनं तिला नीट समजावलं. तिचं मराठी तुटकं, पण आजीशी ती नेटानं मराठीतच बोलते. "कुणालाच माहीत नाहीये, आजी. दॅट्स द होल पॉइंट. म्हणून तर पोलीस शोधतायत." आईनं तिच्याकडे असं बघितलं, जसं आपण शाळेत पहिल्यांदा निघालेल्या लेकराकडे बघतो. आख्ख्या गावात कुणालाच नाही, असं कुठं असतं का, म्हणाली. मग ती पोलीसबाई एवढी हिंडते कशाला, असं मुलीनं विचारलं. त्यावर आईचं उत्तर तयार होतं. कोण आधी तोंड उघडतंय ते बघायला. तिलाही माहीतच आहे, पण नुसतं तिला माहीत असून काय उपयोग?

मी वैतागायचे. डीएनए काय असतो, रक्ताच्या डागावरून माणूस कसा शोधतात, हे माझ्या रोजच्या कामाला लागून असलेलं ज्ञान मी तिच्यापुढे ओतायचे. ती म्हणायची, करू देत की. तिला त्यात काडीचा रस नव्हता. खुनी कोण, हा प्रश्न ज्याच्यासाठी माणसं रात्ररात्र जागून असल्या मालिका बघतात, तो तिला पडलाच नव्हता. कुणालाच माहीत नसलेला खुनी ही गोष्टच तिच्या डोक्यात बसत नव्हती. आणि मला मनातून त्या स्वीडिश लोकांचा हेवा वाटायला लागला होता, खरंच सांगते. त्यांच्याकडे छडा लागत नाही कारण त्यांना माहीत नाही. केवढी सुखाची गोष्ट.

तिसऱ्या एपिसोडपासून आईचं नवीनच सुरू झालं. तिला घरं बघायची असायची. पडद्यावर वरून गाव दिसलं, बर्फातली लाल लाकडी घरं दिसली, की थांबव. ह्या म्हाताऱ्याचं घर कुठलं? शाळेतल्या बाईचं कुठलं? वखारवाल्याच्या घरापासून ते किती लांब? दुकानाला जायची वाट कुठून? मुलगी बिचारी बोटानं दाखवायची. ही भानगड मला कळेना. मला वाटलं, तिला गावाची आठवण येतेय. इथे फुटपाथवरून चालताना ती अजूनही दुसऱ्यांच्या दारासमोर पावलं भरभर उचलते, गावातली सवय, त्यातलंच काहीतरी असेल.

आणखी एका गोष्टीचा तिला राग होता. मेलेल्या पोराची आई दुसऱ्या एपिसोडनंतर दिसलीच नाही. एकदा रडली, एकदा फोटो हातात घेऊन खिडकीत उभी राहिली, आणि संपलं. आई रोज विचारायची, ती बाई आज येणार का? मी म्हणायचे, तिचं काम झालं. ह्यांनी तिला ठेवली कुठं, असं ती पुटपुटायची.

शेवटचा एपिसोड आम्ही शनिवारी दुपारी बघितला. नवरा त्याच्या क्रिकेट क्लबच्या मीटिंगला गेला होता. बाहेर राखाडी उजेड, रेडिएटरवर सगळ्यांचे मोजे वाळत घातलेले. मालिकेत शेवटी काय झालं, तर वखारीसमोर राहणारा एक म्हातारा पोस्टमन त्या पोलीसबाईच्या गाडीत येऊन बसला. त्यानं खिडकीतून सगळं बघितलं होतं आणि इतकी वर्षं दडवलं होतं. तो बोलला, वखारवाल्याच्या भावाला बेड्या पडल्या. पोलीसबाई म्हाताऱ्याला म्हणाली, तू हे आधी सांगायला हवं होतंस, त्या आईची आख्खी उमर गेली. ही वाक्यं मी आईला अगदी चवीनं, ठासून सांगितली. मुद्दाम.

मुलगी म्हणाली, आजी, यू वेअर राइट, एकाला तरी माहीत होतं.

आईनं विचारलं, "आता ह्या म्हाताऱ्याचं काय?"

काय म्हणजे, मी म्हटलं. तो आता उद्या दुकानात कसा जाणार, म्हणाली. वाट तर वखारवाल्यांच्याच दारावरून आहे.

माझं डोकं सटकलं. इतक्या आठवड्यांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. मी म्हटलं, त्या म्हाताऱ्याची काळजी पुरे. एका माणसानं तोंड उघडलं आणि निकाल लागला, बघितलंस ना? आपल्याकडेही एक होती. पायरीवर बसून सगळं बघितलं आणि मूग गिळून बसली. आयुष्यभर तुझ्या हातची भाकरी खाल्ली, माझ्या भावाला अंगाखांद्यावर खेळवलं, आणि वेळ आली तेव्हा म्हणे घेरी आली. आणि तू अजून तिला पाठीशी घालतेस.

 आई टीव्हीकडेच बघत म्हणाली, "ती बोलणार होती. मी बोलू दिलं न्हाई."

मला आधी कळलंच नाही. मग तिनं सांगितलं, तुटक तुटक, मध्ये पाणी पीत. भावाला पोचवून आले त्याच संध्याकाळी मावशी मागच्या दारानं आली होती. पोलीस ठाण्यात जाते म्हणाली, चौघांची चार नावं सांगते, मग मला मारलं तरी चालेल. आईनं तिचा हात धरला. मावशीला दोन मुलगे, थोरला दहावीला, धाकटा त्याहून बराच लहान. घर वस्तीच्या टोकाला, मारणाऱ्यांच्या शेताच्या बांधाला लागून. पोरांची शाळेची वाट त्याच शेतातून. पाण्यात राहून माशाशी वैर कसं करायचं? माझा एक गेला, आई म्हणाली, तिचे दोन होते. मावशी ऐकेना. तेव्हा आईनं तिला शपथ घातली. माझ्या मेलेल्या लेकराची शपथ आहे तुला, बोललीस तर.

आमच्या घरात शपथ, नवस, अंगारा, असलं काही चालत नाही. वडिलांनी आम्हाला तसंच वाढवलं. लहानपणी खेळताना सुद्धा कुणी शपथ घातली तर घरी येऊन सांगायची सोय नव्हती, उलट आम्हीच बोलणी खायचो. त्या घरातल्या माझ्या आईनं ही शपथ घातली, आणि त्या वस्तीतल्या मावशीनं ती पाळली. शिव्या खाल्ल्या, माझं तोंड फिरवणं सोसलं, आणि पाळली.

मावशीशी मी जशी वागले, त्याची मला लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. आधी आला तो आईचा राग, इतका की हातातला कप खाली ठेवावा लागला. मी म्हटलं, तुझा मुलगा होता, पण माझाही भाऊ होता ना? मला एकदा तरी विचारायचंस.

"तू इथं होतीस," आई म्हणाली.

तिनं हे टोचायला म्हटलं नव्हतं. ती नुसतं खरं सांगत होती.  मी रेडिएटरवरचे मोजे काढून घड्या घालत बसले, ते अजून ओलेच होते.

मग मुलीनं विचारलं, "आजी, ते दोघं मुलं आता कुठे आहेत?"

आईला माहीत नव्हतं. माझ्यामुळे इतकी वर्षं त्या घरचं बोलणंच बंद होतं. मावशीचा नंबर वकीलबाईंनी मला कधीचाच पाठवला होता. तिकडे रात्र झाली होती, पण अजून निजायची वेळ नव्हती. मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

मी जयभीम घातला. पलीकडून मावशीचा आवाज आला, बसलेला, म्हाताऱ्या बाईचा. इंग्लंडवाली का गं, म्हणाली. ती रुसली असेल, तुसडेपणानं बोलेल, असं मला वाटत होतं. तिनं विचारलं, तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत. मला रडू फुटलं. मी वकीलबाईंचं विचारलं, तर म्हणाली, येऊन गेली बापडी दोनदा. शिकलेली पोर आहे, चहा घेतला, पण तिला काय सांगणार. जिनं घातली तिनं सोडवायला पाहिजे.

"तुझ्या आईला म्हण, सुटली म्हण. मग मी बोलते. लई थकले गं तोंडात धरून."

आई पुढे सरकली. तिनं सुटली म्हटलं नाही. तिनं विचारलं, पोरं कुठं हायेत? मावशी म्हणाली, थोरला पुण्याला कंपनीत, बायकापोरांसकट. धाकटा गावातच. गिरणीच्या बाजूला त्याचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे, घर तेच, बांधाला लागून. त्याला मी विचारलंय, म्हणाली. तो म्हणतो, बोल माय, किती दिवस असंच. मागे कुणीतरी लहान मूल मोठ्यानं धडा वाचत होतं. धाकट्याचं असावं. वाचताना अडखळायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं.

आईनं घरं मोजली असतील मनात. बांध, दुकान, गिरणी, शाळेची वाट. तिच्या चेहऱ्यावरून मला ते कळत होतं, आणि मालिकेतली ती लाल घरं ती कशासाठी थांबवून बघत होती, तेही आत्ता कळत होतं. मग तिनं फोन माझ्याकडे सरकवला.

"तू म्हण."

मी म्हटलं, शपथ तू घातलीस.

"घातली मी. सोडवायची हौस तुझी."

मुलगी माझ्याकडे बघत होती. पलीकडे मावशी थांबली होती. इतकी वर्षं मी ज्यासाठी भांडले, कार्यकर्त्यांना फोन केले, आईला टाकून बोलले, ते सगळं आता माझ्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं, आणि मला तो शब्द नको होता. मला वाटलं, फोन ठेवून द्यावा. त्या मुलाचा धडा अजून चालूच होता. भाऊ आठवला, त्याचा मोटारसायकलवरचा पांढरा शर्ट आठवला, जो मी फक्त फोटोत बघितलाय.

मी म्हटलं, "सुटली, मावशी."

मावशी रडली नाही की काही नाही. बरं, म्हणाली. उद्या धाकट्याबरोबर वकीलबाईकडे जाते. आणि आईला गुडघ्याला तिळाचं तेल लावत जा म्हणून सांगून तिनं फोन ठेवला.

आई सोफ्याचा हात धरून उठली. मला वाटलं, ती मला जवळ घेईल किंवा चिडेल तरी. ती म्हणाली, इतके दिवस तिचे दोन्ही पोरगे माझ्याकडं होते. आता तुझ्याकडं. आणि स्वयंपाकघरात जाऊन तिनं तांदळाचा डबा काढला.

मावशीचा जबाब झाला. चार नावं कागदावर आली. वकीलबाई म्हणतात, ताई, हे आपण जिंकणार. जिंकूही. पण तेव्हापासून गावाकडचा फोन वाजला की भावाच्या केसचं काय झालं हे मी आधी विचारत नाही. मी आधी विचारते, धाकटा दुकानातून घरी आला का?